कालचे आकडे

गाडीची किल्ली फिरवण्याआधी सर भाषण करायचे. गाडीत बसलेल्या प्रत्येकाला ते ऐकावंच लागे, मग तो पाहुणा असो नाहीतर शेजारी. "आपण वणीला निघालोय. चौघं आहोत, डिकीत नारळ आणि डबे आहेत. म्हसरूळ येईपर्यंत कुणाला काही आठवलं तर मी गाडी वळवीन. म्हसरूळ मागे पडलं की वळवणार नाही. तेव्हा गॅस, गिझर, इस्त्री, कुलूप, काय असेल ते आत्ता आठवा." एवढं बोलून ते गप्प बसत आणि आरशातून आमच्याकडे बघत. आम्ही निमूटपणे आठवत असू. मुंबईला जाताना म्हसरूळच्या जागी विल्होळी यायचं, पुण्याला जाताना सिन्नर. भाजीला जातानासुद्धा एक कोपरा ठरलेला होता. तो ओलांडल्यावर पिशवी राहिल्याचं लक्षात आलं, तर भाजी वहिनींच्या पदरात यायची, सरांच्या हेल्मेटात यायची, पण सर काही मागे फिरायचे नाहीत.

वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. एकदा म्हसरूळच्या जरा पुढे गेल्यावर त्यांना इस्त्री चालू राहिल्याचा भास झाला. सरांनी गाडी कडेला घेतली आणि मला फोन लावला. मी त्यांच्याच कॉलनीत समोरच्या इमारतीत राहते आणि त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. "हवामान, आमच्या घरी जा. इस्त्री बघा. आम्ही देवीला चाललोय." एवढं बोलून फोन बंद. मी केसांना मेंदी लावून बसले होते. तशीच डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून एक जिना उतरले, दुसरा चढले आणि कुलूप उघडलं. इस्त्री कपाटात होती, थंडगार, वायर नीट गुंडाळलेली. संध्याकाळी प्रसाद द्यायला आले तेव्हा सर म्हणाले, "बघा, वळलो असतो तर दर्शन हुकलं असतं." माझी मेंदी अर्ध्या केसांवर लाल आणि अर्ध्यांवर नारिंगी रंगली होती, पण त्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

मला ते हवामान म्हणत, कारण मी हवामान शिकवायची. नाशिक रोडला एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचा क्लास होता. वैमानिक होऊ बघणारी मुलं तिथे लेखी परीक्षेच्या तयारीला येत. मी ढग आणि वारे शिकवत असे, सर विमान जमिनीवरून उठण्याचं गणित शिकवत. नकाशे आणि दिशा शिकवणाऱ्या गृहस्थांना ते 'होकायंत्र' म्हणत, आणि क्लासच्या मालकांना, तेही तोंडावर, 'फी'. सर स्वतः वैमानिक नव्हते. मुंबईत एका विमान कंपनीच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली. कुठल्या विमानाने कुठल्या धावपट्टीवरून किती वजन घेऊन उठावं आणि किती वेगाला उठावं, याचे आकडे ते काढून देत. निवृत्त झाल्यावर गावाकडे म्हणून नाशिक रोडला आले आणि तेच आकडे फळ्यावर काढू लागले. निवृत्तीचा त्यांच्यावर एवढाच काय तो परिणाम झाला.

त्यांच्या गणिताचा गाभा माझ्यासारखीलाही कळेल इतका साधा होता. विमान पळायला लागलं की एक वेग असा येतो, की त्याच्या आत काही बिघडलं तर उरलेल्या धावपट्टीत ब्रेक मारून थांबता येतं. त्या वेगाच्या पुढे गेलं की थांबायला जागा पुरत नाही. मग एक इंजिन बंद पडलं तरी उडायचं, वर जाऊन सावरायचं, आणि फेरी मारून परत उतरायचं. या वेगाला व्ही-वन म्हणतात. काही पुस्तकांत त्याला निर्णयाचा वेग असं लिहिलेलं असे आणि ते वाचलं की सरांचा पारा चढे. "त्या वेगाला निर्णय घेत बसलात तर विमान थेट द्राक्षबागेत जाईल. निर्णय उभं असताना घ्यायचा. पळताना फक्त ठरलेलं करायचं." हे ते इतक्यांदा म्हणत, की मिठाईच्या दुकानातला पोऱ्याही जिलबी तळताना ते म्हणून दाखवायचा.

हे मुलांच्या अंगात मुरावं म्हणून सर त्यांना मैदानावर नेत. फक्कीने एक लांब पट्टा आखायचा, मधे एक आडवी रेघ, शेवटी दोघांनी धरलेली दोरी. मुलांनी पाठीवर दप्तर घेऊन पळायचं. काही दप्तरांत वहिनींच्या डब्यातले तांदूळ भरलेले असत. रेघेच्या आधी शिट्टी वाजली तर दोरीच्या अलीकडे थांबायचं, रेघेनंतर वाजली तर थांबायचं नाही, दोरीवरून उडी मारायची. पाठीवरचं वजन बदललं की सर रेघ पुसून दुसरीकडे मारत. गवतावर दव असलं की पुन्हा वेगळी रेघ. त्याच मैदानावर पोलीस भरतीची पोरं सराव करायची, बहुतेक पेठ-सुरगाण्याकडची. त्यांना वाटे, हे कुणीतरी मोठे कोच असावेत. त्यांच्यातला एक जण धीर करून आला.

"सर, आमचं बी घ्या ना."

"शिट्टी वाजली तर काय करशील?" सरांनी विचारलं.

"पळत राहीन."

"पुढे भिंत आली तर?"

"भितीवं चढन, सर. पन थांबायचा नाय."

सरांना तो इतका आवडला, की पुढे कित्येक दिवस वर्गातल्या मुलांना त्याचं उदाहरण ऐकावं लागलं. तो भरती झाला की नाही ते मला माहीत नाही.

पण त्यांचा खरा हट्ट दुसराच होता. आकडे दर वेळी नव्याने काढायचे. ऊन बदललं, वारा बदलला, धावपट्टीवर पाणी आलं, चार माणसं वाढली, की कालचा आकडा फुकट. सायखेड्याच्या एका मुलाने एकदा आदल्या दिवशीचं उत्तर जसंच्या तसं उतरवून दाखवलं. मुलगा हुशार होता आणि खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने सरळ विचारलं, "सर, विमान तेच हाय, रनवे तोच हाय. मग परत कशाला काढायचं?"

सरांनी खडू ठेवला. "सगळ्यांनी चपला-बूट काढा," म्हणाले, आणि अख्खा वर्ग घेऊन गच्चीवर गेले. मे महिन्यातली दुपार होती. आदल्या दिवशी अवकाळी ढग होते आणि हीच मुलं त्याच गच्चीवर बसून डबे खात होती. आता ती एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागली. सर दारात सावलीला उभे. "गच्ची कालचीच आहे. पाय कालचेच आहेत. मग नाचताय कशाला?" असं विचारून त्यांनी तिथेच, उष्ण हवा विरळ कशी होते आणि तेच विमान उठायला जास्त जागा का घेतं, ते समजावून सांगितलं. मुलं ते जन्मात विसरली नसतील. दुसऱ्या दिवशी पालकांची तक्रार घेऊन मालक आले. "सर, पोरांचे तळपाय भाजलेत." सर म्हणाले, "डोक्यापेक्षा तिथून लवकर आत जातं."

अलीकडे मुलं म्हणायची, सर, आता हे सगळं टॅबलेट काढून देतो. सर विचारत, "आणि टॅबलेटला वजन कोण सांगतं? ऊन कोण सांगतं? तूच ना? तू कालचं सांगितलंस तर तो बिचारा कालचंच उत्तर देणार. वर रंगीत."

असं त्यांच्याबद्दल पुष्कळ सांगता येईल आणि इथेच थांबावं असं मला मनापासून वाटतं. सर गेल्यापासून कॉलनीत त्यांचा विषय निघाला की लोक हेल्मेटातली वांगी आणि गच्चीवरचा नाच आठवून हसतात, मीही हसते. पण सर म्हटलं की मला अनघा आठवते.

अनघा ही सरांची एकुलती मुलगी. मैदानावरच्या त्या खेळात ती कॉलेजात असल्यापासून पळायची आणि तिच्याइतकं अचूक कुणी पळत नसे. वैमानिक व्हायची तिला हौस नव्हती. शाळेत गणित शिकवायला लागली होती. सर नवी उदाहरणं तयार करून आधी तिच्यापुढे टाकत. ती चहा पिता पिता सोडवी आणि कधीकधी कागद परत सरकवत म्हणे, "बाबा, इथे वारा उलटा धरलाय तुम्ही." सर तो कागद घेऊन मुकाट्याने आतल्या खोलीत जात. जगात ते घाबरत असतील तर तिलाच.

तिचं लग्न ठरलं नागपूरच्या एका मुलाशी. चांगली नोकरी, नीटनेटकं घर, बोलणं गोड. लग्न आठवड्यावर आलं होतं आणि मी वहिनींना रुखवत बांधायला मदत करत होते. अनघा बाहेरून आली, चप्पल न काढता तशीच हॉलमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला हे लग्न नको."

तो मुलगा त्या दिवशी खरेदीसाठी नाशिकला आला होता. दोघं जेवायला गेली होती. वेटरच्या हातून त्याच्या शर्टावर पाणी सांडलं.

"ओरडला का त्याच्यावर?" सरांनी विचारलं.

"ओरडला असता तर चाललं असतं. ओरडला नाही. हळू आवाजात बोलत राहिला, हसून. बराच वेळ. त्या पोराचे हात थरथरायला लागले तरी सोडेना. मग माझ्याकडे वळून त्याच आवाजात म्हणाला, तू काय घेणार? बाबा, मला त्या आवाजाची भीती वाटते."

वहिनी म्हणाल्या, "अहो, एकदा तिचं नीट ऐका." मीही म्हटलं, "सर, पोरगी उगाच बोलणाऱ्यातली नाही." तर मला म्हणाले, "हवामान, तुम्ही ढग बघा." त्यांचा चेहरा उतरला होता, हे खरं. खिडकीपाशी जाऊन ते थोडा वेळ उभे राहिले. वळले तेव्हा त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. "पत्रिका वाटून झाल्या. हॉल ठरलाय. पाहुणे निघालेत. अनघा, आता थांबण्यात जास्त धोका आहे. आता पुढे जायचं. वर गेल्यावर सगळं सावरता येतं. आणि नाहीच सावरलं तर फेरी मारून परत ये. दार उघडं आहे."

अनघाने त्यांच्याकडे पाहिलं. वाद घालेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं," आणि चप्पल काढायला दाराशी गेली.

लग्न थाटात झालं. पुढे काय झालं याची काही मोठी कहाणी नाही आणि तेच वाईट आहे. त्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही. तिकडे शाळेत नोकरी मिळत होती, ती तिला घेऊ दिली नाही, हसून. मैत्रिणी कमी झाल्या, माहेरी येणं कमी झालं. आली की नवऱ्याचा फोन वाजताच ती ताडकन उठून उभी राहायची आणि संपेपर्यंत उभ्यानेच बोलायची. बोलून झालं की पदराने फोन पुसून ठेवायची. पहिल्या दिवाळीला हे सरांनी पाहिलं. मी समोरच बसले होते. त्यांच्या हातातली चकली तशीच राहिली.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एकदा क्लास सुटल्यावर आम्ही दोघंच वर्गात होतो. फळ्यावर त्यांचं उदाहरण अर्धं पुसलेलं होतं. सर बाकावर बसले आणि एकाएकी त्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल बोलायला लागले. तोवर मला त्यांना बहीण होती हेही माहीत नव्हतं.

"आमच्या आक्काचं लग्न मोडलं होतं. पत्रिका वाटून झाल्यावर. मुलाची नोकरी खोटी निघाली, वडिलांनी मोडलं, योग्यच केलं. पण गाव लहान. बायका मुद्दाम आक्काला बघायला यायच्या. दोष तिच्यातच असणार म्हणायच्या. पुन्हा कुणी विचारलं नाही तिला. ती आमच्या घरात शिवण शिवत म्हातारी झाली आणि गेली. लग्नाच्या घरात तिला पुढे येऊ देत नसत. मी हे लहानपणापासून बघितलं. अनघा त्या दिवशी बोलायला लागली, तेव्हा मला समोर आक्काच दिसत होती."

ते खडूची पूड बोटांवरून झटकत राहिले.

"पण अनघाला नोकरी होती," ते म्हणाले. "शहर होतं. आम्ही दोघं होतो, तुम्ही होता. लोक चार दिवस बोलले असते आणि पाचव्या दिवशी विसरले असते. केवढी जागा शिल्लक होती हो. मी नव्याने गणित काढलंच नाही. आक्काचा कागद समोर धरला आणि त्याच्यावरचा आकडा तिला वाचून दाखवला."

मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली. दुसऱ्याच्या मुलांना गच्चीवर अनवाणी उभं करणारा हा माणूस स्वतःच्या मुलीच्या वेळी सावलीत उभा राहिला होता. पण हे मी त्यांना काय सांगणार? ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी फळा पुसला आणि आम्ही जिना उतरलो.

तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. अनघाने परत यावं. फोन करताना पलीकडे स्पीकर लावलेला असे, म्हणून बोलता काही येत नसे. सर जेवण, पाऊस, नातवाचा अभ्यास असलं विचारत आणि मधेच म्हणत, "खोली रिकामीच आहे हं तुझी." ती म्हणे, "हो बाबा." नातू झाला, रांगला, शाळेत जायला लागला, आणि दर रविवारी हेच वाक्य. त्यांनी तिच्या खोलीला रंग लावून घेतला. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटून जागा आहे का विचारून आले. गाडीतलं भाषण बंद झालं. वहिनींना काही आठवलं की मुकाट्याने गाडी वळवायचे, अगदी दिंडोरीच्या पुढूनसुद्धा. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "पूर्वी चिडचिड व्हायची माझी. आता हे वळतात तेव्हा जास्त त्रास होतो."

मग त्यांची छाती बिघडली. जिने बंद झाले, क्लास बंद झाला. अनघा मुलाला घेऊन आली, त्याच्या सुट्टीत, थोड्या दिवसांसाठी. मुलगा आता उंच झाला होता, आवाज फुटलेला. ती बारीक झाली होती, पण चेहरा शांत होता. मी एका सकाळी गेले तेव्हा सर पलंगावर उशांना टेकून बसले होते आणि ती त्यांच्या पायाशी. मी उठायला लागले तर सरांनी हाताने बसा म्हटलं.

"अनघा," ते म्हणाले, "मी तुला म्हटलं होतं, फेरी मारून परत ये. आता ये. खोली आहे, शाळा आहे. मी बोलून ठेवलंय. तुला तेव्हा थांबवायला हवं होतं. माझं चुकलं. आता तरी उतर."

एवढं बोलताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. ती त्यांचे पाय चेपत होती, ते तिने थांबवलं नाही.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं, मी हिशोब केला नसेल? दर वर्षी करते. पहिल्या वर्षी उतरता आलं असतं. कदाचित दुसऱ्याही. तेव्हा मला वाटायचं, वर गेल्यावर सावरेल. तुम्ही म्हणाला होतात ना." तिच्या आवाजात टोचणी नव्हती. "मग हा झाला. आता त्याची दहावी येतेय. तो वडिलांना सोडून येणार नाही, त्याला ते आवडतात. त्याच्याशी ते कधी तसं बोलत नाहीत. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्या घरात माझ्या बाजूने बोलल्या त्या एकट्याच. त्यांना कुणाच्या हातात देऊ? शाळेचं म्हणाल तर इतक्या वर्षांनी वर्गात उभं राहायचं म्हटलं तरी मला घाम फुटतो."

"पण तो माणूस," सर म्हणाले.

"त्यांचा आवाज आता मला ऐकूच येत नाही." ती पाय चेपतच म्हणाली. "विमान हवेत हलकं होत जातं, बाबा. इंधन जळतं. माणसाचं तसं होत नाही. उठताना होते त्याच्या दुप्पट झालेय मी. एवढं वजन घेऊन इथे उतरायला जागा पुरत नाही."

सरांनी डोळे मिटले. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला, वर्गात उत्तर तपासताना सरकायचा तसा, आणि ओठ हलत होते. ते तिचं गणित पहिल्यापासून करून बघत होते. वहिनी दारात चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, सर, काढा एखादी चूक. आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्यात, आज एक सापडू दे. अनघाचे हात थांबले होते. तीही त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिलाही तेच हवं होतं, असं मला आजही वाटतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघून मान हलवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.